चित्रं बघायला जाताना खोली कुठे घ्यावी? आठ महिन्यांचा अनुभव

मी कोलोनला राहते. गेल्या आठ महिन्यांत पाच छोट्या सहली केल्या, पाचही फक्त चित्रं बघायला: ब्रसेल्स दोनदा, ॲमस्टरडॅम दोनदा आणि माद्रिद. माद्रिदला सांगलीहून आलेली आई बरोबर होती. सगळ्या खोल्या मी एकाच बुकिंग ॲपवरून घेतल्या. पहिल्या सहलीत खूप चुकलं, पाचवीपर्यंत बरंच जमलं. पैसे मोजून जाणाऱ्या कुणाचा तरी त्रास वाचावा म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी चूक सांगते. ॲमस्टरडॅमला पहिल्यांदा गेले तेव्हा सगळ्यात कमी भाडं बघून खोली घेतली. नावात ‘ॲमस्टरडॅम’ होतं, फोटो सुरेख होते. प्रत्यक्षात ते हॉटेल शहराबाहेर, हमरस्त्याला लागून निघालं. रात्री साडेदहाला पोचले तर रिसेप्शन बंद, दाराचा कोड मेलवर येणार होता तो आलेला नाही. पावसात पाऊण तास फोन करत उभी होते. वर बिलात पर्यटन कर वाढला, तो ॲमस्टरडॅममध्ये भाड्याच्या साडेबारा टक्के आहे आणि ॲपच्या पहिल्या आकड्यात तो धरलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी रेम्ब्राँच्या ‘नाइट वॉच’समोर उभी राहिले तेव्हा डोळे मिटत होते. एवढ्या लांबून ज्या चित्रासाठी गेले त्याला माझं अर्धंच लक्ष मिळालं, याचं मला भाड्यापेक्षा जास्त वाईट वाटलं.

तेव्हापासून मी शोधायची पद्धतच बदलली. ‘शहराच्या मध्यापासून अमुक किलोमीटर’ हा आकडा बघतच नाही. ॲपच्या नकाशावर संग्रहालय शोधते आणि त्याच्याभोवती चालत वीस मिनिटांत येईल तेवढ्याच भागातल्या खोल्या बघते. तिथे परवडत नसेल तर थेट रेल्वे असलेलं शेजारचं गाव. दुसऱ्या वेळी हार्लेमला राहिले. तिथून ॲमस्टरडॅमची मुख्य स्टेशनं गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर, आणि गावात चित्रकार फ्रान्स हाल्सचं स्वतःचं संग्रहालय. ते बघायला तर मुद्दाम जावं असं आहे. हाल्सच्या चित्रांतले काळे कपडे जवळून बघा, त्या काळ्यात किती रंग आहेत!

माद्रिदबद्दल मात्र मनापासून सांगायचंय. तिथे ‘होस्टाल’ नावाचा प्रकार असतो. आपण म्हणतो ते बंक बेडचं होस्टेल नव्हे. जुन्या इमारतीतला एखाददुसरा मजला, बहुधा घरच्याच माणसांनी चालवलेला, स्वतंत्र स्वच्छ खोल्या, बाहेर निळी पाटी. आम्हाला प्रादो संग्रहालयाजवळच्या आतोचा भागात दोघींची खोली रात्रीला ६८ युरोत मिळाली. खालून बेल वाजवायची, मग दोनच माणसं मावतील अशा लाकडी दाराच्या लिफ्टने वर जायचं. किल्लीला पितळेचा एवढा जड बिल्ला की ती बाहेर नेण्यापेक्षा काउंटरवर ठेवलेलीच बरी. आमची खिडकी आतल्या चौकात उघडत होती. अशी आतली खोली थोडी स्वस्त असते, आणि माद्रिदच्या रात्रीचा गोंगाट तिथे पोचत नाही. चौकात वाळत घातलेल्या चादरी बघून आई म्हणाली, “अगदी आपल्या वाड्यासारखं आहे गं.”

या जागेचा खरा उपयोग संध्याकाळी कळला. प्रादो संग्रहालय सोमवार ते शनिवार सहा ते आठ आणि रविवारी पाच ते सात फुकट असतं. खोली जवळ असली की दुपारी आईला झोप काढता येते, सव्वापाचला रांगेत उभं राहता येतं, आणि रोज एकदोन दालनंच निवांत बघता येतात. पहिल्या संध्याकाळी फक्त वेलास्केसची चित्रं, म्हणजे १६५६ मधलं ‘लास मेनिनास’ आणि आजूबाजूचं. दुसऱ्या संध्याकाळी गोयाची काळी चित्रं. ती त्याने स्वतःच्या घराच्या भिंतींवर काढली होती, नंतर ती कॅनव्हासवर उतरवली. त्यात एक कुत्रा आहे. फक्त डोकं दिसतं, वर सगळं पिवळट रिकामं. आई बराच वेळ तिथून हललीच नाही. मग म्हणाली, “कुणाची तरी वाट बघतंय गं ते.” तिसऱ्या संध्याकाळी आत शिरल्या शिरल्या तीच म्हणाली, “आधी कुत्र्याकडे जाऊ.” लांबच्या स्वस्त हॉटेलातून हे तीनदा जाणं झालंच नसतं.

पिकासोचं ‘गेर्निका’ माद्रिदमधल्याच राइना सोफिया संग्रहालयात आहे. ते मंगळवारी बंद असतं, तेवढं तारखा ठरवताना बघा.

ब्रसेल्सचं गणित उलटं आहे. युरोपियन युनियनच्या कचेऱ्यांभोवतीची हॉटेलं कामाच्या दिवसांत महाग, शनिवार-रविवारी उतरतात. मला तीच खोली बुधवारपेक्षा जवळपास निम्म्यात मिळाली. तिथून ब्रॉयगलची चित्रं आणि दाविदचं ‘माराचा मृत्यू’ हे चित्र असलेलं संग्रहालय चालत पंधरा-वीस मिनिटं. सोमवारी ते बंद. रविवारी त्या भागात खायचे वांधे होतात, त्यामुळे शनिवारीच पाव-चीज आणून ठेवावं.

बाकी किरकोळ. फुकट रद्द करता येईल असंच बुकिंग दोन महिने आधी करते आणि पंधरा दिवस आधी भाव पुन्हा बघते. दोनदा त्याच हॉटेलात कमी भावाने मिळालं. परीक्षणांमधली कमी गुणांची आणि अलीकडची तेवढीच वाचते, त्यातही ‘आवाज’ आणि ‘जिना’ हे शब्द शोधते. गुडघे दुखणारं कुणी बरोबर असेल तर लिफ्टबद्दल हॉटेलला थेट लिहून विचारा, ॲपवरच्या खुणेवर विसंबू नका. शेवटच्या दिवशी सामान ठेवून घेतात का तेही विचारा, कारण मोठी बॅग संग्रहालयात नेता येत नाही.

आता नोव्हेंबरात व्हिएन्ना. खोली वेस्टबानहोफ स्टेशनजवळ घेतली आहे, तिथून भुयारी रेल्वेने तीन स्टेशनांवर कलासंग्रहालय. गुरुवारी ते रात्री नऊपर्यंत उघडं असतं, म्हणून गुरुवारीच पोचते आहे. लिफ्ट आहे, लेखी विचारून घेतलंय. आईचं तिकीट झालं.