खोट्या स्ट्रॉबेरीचं किट: खडे उत्तम, लाल रंग कच्चा

गच्चीवरच्या स्ट्रॉबेरीला बुलबुलापासून वाचवायला स्ट्रॉबेरीसारखे रंगवलेले खडे कुंडीत ठेवतात. लाल दिसलं की बुलबुल चोच मारतो, दगड लागतो, आणि दोन-चार वेळा असं झालं की लाल रंगावरचा त्याचा विश्वास उडतो. यासाठी ऑनलाइन मिळणाऱ्या किटमध्ये 12 खडे, लाल-हिरवा-पिवळा असे 10 मिलीचे तीन अॅक्रिलिक रंग, दोन ब्रश आणि चकाकीची एक बाटली येते.

खड्यांना पूर्ण गुण. साधारण 4 सेंटिमीटरचे, नदीतले गुळगुळीत गोटे आहेत. घरचे वापरायचे तर जांभ्याचे तुकडे घेऊ नका. तो दगड सच्छिद्र, पाणी पितो आणि महिन्याभरात रंगाचे पोपडे निघतात.

रंगात मात्र काटकसर केलीय. 12 खड्यांना लालचे दोन हात द्यायचे तर ब्रशला लागून वाया जाणारा धरून 20 मिली लागतो, म्हणून 10 मिली पहिल्या हातातच संपतो. पांढरं अस्तर (प्राइमर) तर दिलेलंच नाही. करड्या दगडावर थेट लाल लावला की तो विटकरी दिसतो, पिकल्या फळासारखा नाही. शिवाय हा लाल फ्लुओरोसंट छटेचा आहे. डब्यात झकास दिसतो, पण असले रंग उन्हात सगळ्यात आधी उडतात.

चकाकीची बाटली बाजूलाच ठेवा. तो पांढऱ्या डिंकाच्या जातीचा लेप आहे, वाळल्यावर पारदर्शक दिसतो, पण पाण्यात पुन्हा मऊ पडतो. तपासायचं असेल तर रंगवलेला एक खडा रात्रभर वाटीतल्या पाण्यात बुडवून ठेवा. सकाळी तो दुधाळ झालेला दिसेल आणि अंगठ्याने चोळला की साय निघावी तसा लेप सुटेल. स्ट्रॉबेरीला रोज पाणी घालावं लागतं, तिथे हा टिकणार कसा? त्याऐवजी बाहेरच्या भिंतींना चालणारं पाण्यातलं वॉर्निश आणा.

खडे साबणाने घासून दिवसभर कडक उन्हात वाळवा. ओल राहिली तर रंगाखाली फोड येतात. अस्तराचा एक हात, मग लालचे दोन पातळ हात, मध्ये तासभर थांबून. आधी खालची बाजू रंगवा, नाही तर वरचा ओला रंग कागदाला चिकटतो. देठाकडे हिरवी टोपी, टूथपिकने पिवळे ठिपके. (ठिपके आपल्या हौसेसाठी; पक्ष्याला लाल दिसला की पुरे.) दोन दिवस मुरू द्या, मग वॉर्निशचे दोन हात. माळ्यावरचा जुना ऑइल पेंट यात वापरू नका. घरगुती रंगांत शिसं 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भाग) आत ठेवण्याचा नियम नोव्हेंबर 2017पासून लागू झाला. त्याआधीच्या डब्यांचा भरवसा नाही, आणि हे खडे खाण्याच्या फळाला टेकतात.

किटची सर्वात मोठी चूक माहितीपत्रकात आहे. 'फळं लाल होऊ लागली की खडे ठेवा' असं छापलंय. तोवर उशीर झालेला असतो. एकदा खऱ्या फळाची चव लागली की बुलबुल चार दगड चोचून पाचवं फळ शोधतोच. फुलापासून पिकायला साधारण महिना लागतो, म्हणून पहिली फुलं दिसताच खडे ठेवा. सप्टेंबर-ऑक्टोबरात रोपं लावली असतील तर बहुधा नोव्हेंबरात. 12 इंची कुंडीत दोन-तीन पुरेत. कुंडीच्या काठावर, पानाखाली अर्धे झाकलेले, वरून दिसतील असे ठेवा आणि तीन-चार दिवसांनी जागा बदला. दुपारच्या उन्हात दगड तापतो, तेव्हा कोवळ्या फळाला टेकू देऊ नका. खरं फळ पूर्ण लाल झालं की त्याच सकाळी काढा. झाडावर राहिलं तर पक्ष्याला खरं-खोटं कळायला तेवढं एकच पुरतं.

पाकिटावर खार आणि उंदराचंही चित्र आहे. ते विसरा. उंदीर-घुशी रात्री वासावर येतात, खारीलाही वास कळतो, गोगलगाय तर रंग बघतच नाही. त्यांचा त्रास असेल तर पैसे बारीक जाळीवर घाला, भोकं 5 मिलिमीटरपेक्षा लहान असलेल्या. मोठ्या भोकांच्या नायलॉन जाळीत पक्षी अडकतात.

फक्त बुलबुलच येत असेल तर हे किट घ्यायला हरकत नाही, पण सोबत पांढरं अस्तर, बाहेरच्या वापराचा लाल आणि वॉर्निश वेगळं घ्यावं लागेल. नदीचे गोटे घरी असतील तर तेवढंच घ्या.