ताकायामा: दिवसभराची सहल नको, दोन रात्री राहा

जपानमधल्या नागोयाहून सकाळी येऊन संध्याकाळी परतणाऱ्यांच्या वाट्याला ताकायामा या डोंगरातल्या गावाची सगळ्यांत वाईट वेळ येते. भर दुपारी सान्माची सुजी या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांत खांद्याला खांदा लागतो आणि पाचच्या सुमारास बहुतेक दुकानं बंद होतात. गाव खरं दिसतं ते सकाळी आठच्या आत, म्हणून दोन रात्री हव्यातच.

नागोयाहून ‘हिदा’ एक्सप्रेसला सुमारे अडीच तास लागतात. गिफूला गाडीची दिशा बदलते, त्यामुळे पहिली वीसेक मिनिटं सगळे उलट्या तोंडाने बसलेले असतात. खुर्ची फिरवायच्या भानगडीत पडू नका, गिफूनंतर सगळं सुलट होतं.

मियागावा नदीकाठचा बाजार एप्रिल ते नोव्हेंबर सकाळी सातला, थंडीत आठला भरतो आणि बारापर्यंत उठतो. लाल सलगमाचं लोणचं इथेच घ्यावं. जवळच ताकायामा जिन्या. जपानचा लष्करी शासक असलेल्या शोगुनने 1692 मध्ये हिदा प्रांत थेट ताब्यात घेतला, त्या कारभाराची ही कचेरी. अशी मूळ इमारत जपानात आता एवढीच उरली आहे. बूट काढून पिशवीत घालून हातात धरायचे असतात. थंडीत जमीन बर्फासारखी लागते, तेव्हा जाड मोजे हवेतच.

खाण्यात हिदा बीफचा गाजावाजा मोठा, पण या गावाची खरी चव होबा मिसोत आहे. मॅग्नोलियाचं वाळलेलं पान आधी पाण्यात भिजवतात, नाहीतर ते निखाऱ्यावर पेट घेतं. त्यावर मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची खारट पेस्ट), कांद्याची पात आणि मशरूम. कडेचा मिसो आधी करपतो, म्हणून तो सतत मध्ये ओढत राहायचा आणि गरम भातासोबत खायचा. इथली मिताराशी दांगो (काडीला टोचलेले तांदळाच्या पिठाचे गोळे) गोड नसते, नुसता सोया सॉस लावून भाजतात. तोक्योची चव डोक्यात ठेवून गेलात तर हिरमोड होईल. शाकाहारी असाल तर सूप आणि सोबाच्या (बकव्हीटच्या नूडल्सच्या) रश्शात माशाचा दाशी, म्हणजे माशाचा अर्क, आहे का, हे आधी विचारा. ‘भाज्यांचं आहे’ या उत्तरावर थांबू नका.

एप्रिल 14-15 आणि ऑक्टोबर 9-10 या तारखांना सजवलेल्या रथांचा उत्सव असतो. खोल्या कित्येक महिने आधी भरतात, आणि पाऊस आला की रथ बाहेरच पडत नाहीत. लाखेचं काम आणि जुनी कापडं भिजवून कोण घेणार? तसं झालंच तर साकुरायामा हाचिमान देवळाशेजारच्या याताई काइकान या रथांच्या संग्रहालयात शरद ऋतूतले काही रथ वर्षभर आलटून पालटून ठेवलेले असतात.

दुसऱ्या दिवशी डोंगर. शिनहोताकाचा रोपवे 2,156 मीटरपर्यंत नेतो, पण बसने तिथवर दीड तास लागतो, तेव्हा पहिलीच बस धरा. दुपारी ढग चढले की तिकिटाचे पैसे वाया. कामिकोची ही डोंगरातली दरी नोव्हेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत बंद असते. गवती छपरांच्या जुन्या घरांचं शिराकावागो गाव बसने 50 मिनिटांवर आहे, मात्र काही फेऱ्यांना आरक्षण लागतं, काहींना नाही. थांब्यावर जाऊन ठरवलं तर पुढची बस निघून जाते.