शेअरपॉइंट नवीन झालं, आता परवानग्याही नव्याने बघा

आमच्या ऑफिसचं सगळं काम बरीच वर्षं शेअरपॉइंट २०१३ च्या सर्व्हरवर चालायचं (शेअरपॉइंट म्हणजे ऑफिसच्या फायली एका जागी ठेवून सगळ्यांनी वापरायचं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर), आता ते सगळं उचलून त्याच्या क्लाउडवरच्या रूपावर, शेअरपॉइंट ऑनलाइनवर आणलंय. २०१३ चा सपोर्ट एप्रिल २०२३ मध्येच संपला, त्यामुळे जे अजून त्यावर असतील त्यांना आज ना उद्या हलावं लागणारच, म्हणून म्हटलं रोज वापरणाऱ्याच्या नजरेतून लिहावं. आयटीवाल्यांचे रिव्ह्यू भरपूर मिळतात पण ज्याला सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याच फायलींमध्ये राहायचंय त्याला काय फरक पडतो ते कोणी सांगत नाही.

सगळ्यात मोठा फरक म्हणजे एकाच फाइलवर एकाच वेळी काम. आधी पण ते होतं म्हणा, पण आमच्याकडे लायब्ररीला (फायली ठेवायच्या जागेला) चेकआउट सक्तीचं होतं, म्हणजे एकाने फाइल चेकआउट केली, स्वतःपुरती अडवून घेतली, की बाकीचे हात बांधून बसणार, आणि तो माणूस चेकइन न करता, म्हणजे ती परत मोकळी न करता रजेवर गेला की संपलंच, मग अॅडमिनला फोन. आता ती सक्ती काढून टाकली तर महिनाअखेरची एक्सेल शीट तिघंचौघं एकत्र भरतात, कोण कुठल्या सेलमध्ये आहे ते रंगाने दिसतं, सेव्ह दाबायची आठवण ठेवायला लागत नाही. एक लक्षात ठेवा, सक्तीचं चेकआउट चालू ठेवलं तर हे काहीच होत नाही, आणि फाइल जुन्या एक्सएलएस फॉरमॅटमध्ये असेल तरी होत नाही, ती आधी एक्सएलएसएक्समध्ये सेव्ह करून घ्यावी लागते. एक्सेलमध्ये रिव्ह्यू टॅबला शो चेंजेस म्हणून बटण आहे, त्यात कुठला सेल कोणी बदलला, आधी काय आकडा होता, आता काय आहे, हे ६० दिवसांपर्यंतचं दिसतं. अकाउंट्सवाल्यांना यासारखी दुसरी चांगली गोष्ट नाही, "हा आकडा कोणी बदलला" हा वाद तिथल्या तिथे मिटतो.

व्हर्जन हिस्टरी पण आता खरंच वापरण्यासारखी झालीये. फाइलवर तीन टिंबं, व्हर्जन हिस्टरी, की तारीख वेळ नाव सगळी यादी समोर, हवं ते व्हर्जन उघडून बघा आणि रिस्टोअर करा. रिस्टोअर केल्यावर मधली व्हर्जन्स उडत नाहीत, जुनं व्हर्जनच सगळ्यात नवीन म्हणून वर येऊन बसतं, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. फक्त ही सगळी व्हर्जन्स जागा खातात, आणि ऑटोसेव्हमुळे ती भराभर तयार होतात, मोठमोठी प्रेझेंटेशनं असतील तर स्टोरेज कुठे गेलं ते कळत नाही. त्यासाठी आता ऑटोमॅटिक लिमिटचा पर्याय आलाय, व्हर्जन जसजशी जुनी होतात तसतशी ती विरळ करत जातो, तो अॅडमिनकडून लावून घ्या. डिलीट केलेली फाइल ९३ दिवस रिसायकल बिनमध्ये राहते, आणि अख्ख्या लायब्ररीचाच घोळ झाला तर मागच्या ३० दिवसांतल्या कुठल्याही वेळेला ती परत नेता येते.

फोल्डरवाल्यांना मात्र सवय बदलावी लागेल. वर्ष, त्यात विभाग, त्यात पार्टी, त्यात महिना, त्यात परत "जुने" असं खोल खोल जाणारं झाड तसंच्या तसं उचलून आणलं की पूर्ण पाथ ४०० अक्षरांच्या वर जातो आणि फाइल अडते. त्यापेक्षा लायब्ररीत कॉलम टाका, पार्टी, वर्ष, बिल पास झालं की नाही, आणि त्यावर फिल्टर लावून तो व्ह्यू (तयार यादी) सेव्ह करा, एकदा हाताला बसलं की फोल्डर उघडत बसायचा कंटाळा येतो. ५००० च्या वर आयटम असलेल्या लायब्ररीत ज्या कॉलमवर फिल्टर लावणार त्याला लायब्ररीच्या सेटिंगमधून इंडेक्स (पटकन शोधायची सूची) लावून ठेवा, नाहीतर व्ह्यू एरर देतो. आणि ज्यांच्या फायलींची नावं मराठीत आहेत त्यांनी ब्राउझरच्या वरच्या पट्टीतला पत्ता कॉपी करू नये, एकेका अक्षराचे नऊ नऊ होऊन ती लांबच लांब % चिन्हांची माळ ईमेलमध्ये तुटते. कॉपी लिंक बटण वापरा, लिंक सुटसुटीत मिळते.

जुने वर्कफ्लो (मंजुरीसारखी आपोआप पुढे सरकणारी कामं) आपोआप येत नाहीत, पॉवर ऑटोमेट या मायक्रोसॉफ्टच्याच टूलमध्ये नव्याने बांधावे लागतात, त्याचा वेळ आधीच धरा.

आता खरा मुद्दा, आणि ज्यासाठी मी हे लिहायला बसलो तो. नवीन सर्च फार ताकदवान आहे, वर्ड आणि पीडीएफच्या पोटातला मजकूर पण शोधतो, आणि तुम्हाला तेच दाखवतो जे बघायची तुम्हाला परवानगी आहे. ऐकायला छान वाटतं. पण जुन्या सर्व्हरवर कधीतरी कोणीतरी घाईत "सगळ्यांना" म्हणून परवानगी देऊन ठेवलेली पगाराची शीट परवानग्यांसकट इकडे आणली तर ती पण "परवानगी असलेल्या" यादीतच येते. आधी ती कुठल्यातरी फोल्डरच्या तळाशी होती म्हणून कोणाला सापडत नव्हती एवढंच, आता नाव टाइप केलं की समोर. वर कोपायलट, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा एआय मदतनीस, चालू केला तर तो पण त्याच परवानग्यांवर उत्तरं देणार. सॉफ्टवेअर इथे सांगितलं तेच करतंय, आपण काय सांगून ठेवलंय ते आपल्यालाच माहीत नसतं. म्हणून माझं स्पष्ट मत, मायग्रेशनच्या (सगळं नवीनकडे हलवायच्या) आधी फायली आवरायला चार दिवस कमी द्या पण परवानग्या बघायला जास्त द्या, एचआर, पगार, कॉन्ट्रॅक्ट ह्या लायब्ररींपासून सुरुवात करा.

शेअर करताना पण तेच. शेअर दाबल्यावर जी खिडकी येते तिच्या सेटिंगमध्ये चार पर्याय असतात: लिंक असलेला कोणीही, ऑफिसातलं कोणीही, ज्यांना आधीच अॅक्सेस आहे ते, आणि ठराविक माणसं. बहुतेक जण तिथे न बघता थेट पाठवतात. बाहेरच्या माणसाला पाठवायचं असेल तर ठराविक माणसं निवडा, त्याला कोड टाकून किंवा साइन इन करूनच उघडता येतं आणि लिंक पुढे फॉरवर्ड झाली तरी दुसऱ्याला चालत नाही. कोणीही वाली लिंक द्यायचीच असेल तर एक्स्पायरी तारीख टाका, फक्त बघायला देत असाल तर डाउनलोड बंद करा. आणि काम झालं की मॅनेज अॅक्सेसमध्ये जाऊन लिंक काढून टाका, तिथे त्या फाइलच्या सगळ्या लिंक एका जागी दिसतात, कधी कधी बघून धक्का बसतो.

अजून एक, वनड्राइव्हमध्ये (मायक्रोसॉफ्टच्या आपल्या स्वतःच्या क्लाउड फोल्डरमध्ये) शॉर्टकट टाकायची सोय मस्त आहे, टीमचं फोल्डर आपल्याच कॉम्प्युटरवर असल्यासारखं दिसतं. पण त्या फोल्डरच्या आतली फाइल "माझ्या मशीनवरची जागा मोकळी करतो" म्हणून डिलीट केली तर ती सगळ्यांची जाते. जागाच हवी असेल तर राइट क्लिक करून फ्री अप स्पेस करा, फाइल क्लाउडवर राहते. नवीन आलेल्या प्रत्येकाला हे पहिल्याच दिवशी शेजारी बसवून दाखवा. आणि डीफॉल्ट लिंक "ठराविक माणसं" करून द्यायला अॅडमिनला आजच सांगा, दोन मिनिटांचं सेटिंग आहे.