सनरूफला कुठलं ग्रीस लावायचं? आठ महिने वापरून मग लिहितोय

गाडी पुण्यात, उघड्यावर झाडाखाली, शेजारी बिल्डिंगचं काम चालू, म्हणजे धूळ किती ते सांगायला नको. चौथ्या वर्षी सनरूफ कुरकुरायला लागलं म्हणून गणपतीच्या आधी एका गॅरेजमधून रेलला, म्हणजे काच सरकते त्या पट्टीला, ग्रीस लावून घेतलं. तिथल्या पोऱ्याने बेअरिंगचं पिवळं ग्रीस बोटाने थापलं. आठवडाभर एकदम लोण्यासारखं, मी खूश. दसऱ्यापर्यंत काच बंद व्हायला दोन इंच उरले की आपोआप मागे जायला लागली. पोटात गोळाच आला, म्हटलं मोटर गेली. पण मोटर ठणठणीत होती, काचेला जास्त अडथळा लागला की सिस्टीमला वाटतं कुणाचं बोट अडकलंय आणि ती काच मागे घेते, एवढंच.

मग रविवारी स्वतःच बसलो. सीटवर जुने पेपर, हातात टूथब्रश. रेलच्या कोपऱ्यातून जे निघालं ते काळं, चिकट, बोटांत चोळलं तर वाळूसारखं किरकिरणारं, आणि वर खंडेनवमीला गाडीला घातलेल्या हारातल्या झेंडूच्या पाकळ्या, ड्रेनच्या, म्हणजे पाणी बाहेर जायच्या, भोकाला चिकटून बसलेल्या. ओल्या जाड ग्रीसवर धूळ बसली की त्याची घासायची पेस्टच होते, आणि काच ज्या प्लास्टिकच्या बुटांवर सरकते ते झिजतात. शिवाय साध्या मिनरल ऑइलच्या ग्रीसने सनरूफचं रबर हळूहळू फुगतं, मऊ पडतं. घरात कडीकोयंड्याला मारतो तो गंजाचा स्प्रे पण इथे नको, तो आहे ते ग्रीस धुवून काढतो आणि स्वतः काही दिवसांत उडून जातो.

जुनं ग्रीस पूर्ण काढलं, मायक्रोफायबरवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन. पेट्रोल, थिनर अजिबात नाही. मोटरकडून येणाऱ्या केबलला हात लावला नाही, तिचं कंपनीचं ग्रीस चांगलं होतं.

आधी पीटीएफईचा (म्हणजे टेफ्लॉनचा) ड्राय स्प्रे आणला. धूळ खरंच चिकटत नाही, पण माझ्या गाडीत दोन महिन्यांत कुरकुर परत सुरू. म्हणून जानेवारीपासून रेलला पीटीएफई मिसळलेलं सिलिकॉन ग्रीस लावतोय, तेही इतकं पातळ की बोट फिरवलं तर नुसती चमक दिसली पाहिजे, पांढरा थर दिसला म्हणजे जास्त झालं. उन्हाळ्यात दुपारी टप तव्यासारखा तापायचा तरी ते ओघळलं नाही. काच उचलणाऱ्या आर्मच्या लोखंडी सांध्याला मात्र व्हाइट लिथियम ग्रीसचा एक ठिपका, ते रबराला लागू द्यायचं नाही. आणि रबराला सिलिकॉन स्प्रे, पण थेट मारायचा नाही, फडक्यावर घेऊन पुसायचा. मी पहिल्यांदा थेट मारला तर आतल्या कापडी छताला डाग पडला तो अजून तसाच आहे, आणि थोडा पुढच्या काचेवर उडाला तर वायपर फिरवला की नुसतं धुरकट.

सगळं झाल्यावर सनरूफ रिसेट करावं लागलं, माझ्या गाडीत बटण दाबून धरायचं असतं, तुमच्या गाडीचं मॅन्युअल बघा.

एप्रिलच्या शेवटी एकदा करकर आली होती, पण तेव्हा फक्त धूळ पुसली, ग्रीस लावलंच नाही, तरी आवाज गेला. तेव्हापासून माझं मत असं झालंय की ब्रँडवर डोकं लावण्यापेक्षा महिन्यातून एकदा रेल पुसा, ग्रीस चार महिन्यांतून एकदा पुरतं. (पोरांना सनरूफमधून बाहेर उभं करणाऱ्यांना काय बोलणार, त्यांच्या बुटांची माती पण त्याच रेलमध्ये पडते.)

पावसाळ्याच्या तोंडावर अजून एक. रबर सगळं पाणी अडवतच नाही, थोडं आत येणारच, ते खालच्या ट्रेमधून कोपऱ्यातल्या नळ्यांनी बाहेर जातं. पाणी गळतंय म्हणून रबरावर ग्रीस चोपडत बसू नका, आधी कोपऱ्यात अर्धा कप पाणी ओतून गाडीखाली पडतंय का बघा. माझी डावीकडची नळी तुंबली होती, गवत कापायच्या मशीनची नायलॉन वायर हळूच घालून मोकळी केली. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, आत नळी जॉइंटमधून सुटली तर छत खोलावं लागेल.

ग्रीसची ट्यूब 50 ग्रॅमची होती, निम्मी पण संपली नाही. उरलेली बघून बायको म्हणाली किचन ट्रॉलीच्या चॅनलला लावून दे, येत्या रविवारी तेच काम आहे.