फळमाशीचा सापळा: डबा झकास, ल्यूर भलताच

आमची हापूसची साठेक कलमं आहेत, रत्नागिरीपासून तासाभरावर. गेल्या मोसमात फळमाशीने जीव नकोसा केला. वरून आंबा पिवळाधमक, कापला की आत अळ्यांची वळवळ. म्हणून यंदा मार्चमध्ये ऑनलाइन आठ कामगंध सापळे मागवले, म्हणजे डबा आणि त्यात ल्यूर, माश्यांना वासाने ओढणारं आमिष. वर्णनात ठळक लिहिलं होतं, 'आंब्यासाठी'.

डब्याला नावं ठेवायला जागा नाही. वांदरांनी एक खाली पाडला, पण तडासुद्धा गेला नाही. पाच फुटांवर, सावलीतल्या फांद्यांना टांगले.

आठवड्याने बघतो तर सात डबे जवळजवळ रिकामे. आठव्यात, म्हणजे शेजाऱ्यांच्या दोडक्याच्या मांडवालगतच्या डब्यात, तीसेक माश्या. मी खूश! कागदावर ओतून मुलीच्या भिंगातून बघितल्या आणि खुशी उतरली. अंग तांबूस-पिवळं, पाठीवर तीन पिवळ्या रेघा, त्यातली एक बरोबर मधोमध. पंखाच्या टोकाला मोठा तपकिरी डाग. ही तर काकडी-दोडक्याची माशी.

आंब्यावरची माशी पाठीला काळपट असते. पिवळ्या रेघा दोनच, दोन्ही कडांना. पंख काचेसारखे, फक्त पुढच्या कडेला बारीक काळी किनार, आणि पोटावर इंग्रजी टी काढल्यासारखी काळी खूण. लांबीला दोघी सारख्याच, सात-आठ मिलिमीटर. त्यामुळे उडताना काय कळणार, कपाळ?

म्हणजे डब्यात वेलवर्गीय भाज्यांचा क्यू ल्यूर निघाला. आंब्याला मिथाइल युजेनॉल लागतो. विक्रेता तीन दिवस 'दोन्ही एकच हो' म्हणत राहिला. पंखांचे जवळून काढलेले फोटो पाठवले तेव्हा गप्प बसला आणि ल्यूर बदलून दिले, कुरिअरचे पैसे मात्र माझेच गेले.

नवा ल्यूर सकाळी लावला आणि अर्ध्या तासात डब्याभोवती माश्या घोंघावायला लागल्या. चार दिवसांत बोटभर थर. पण हुरळून जाऊ नका, यात फक्त नरच येतात. मादीच्या पोटाचं टोक सुईसारखं निमुळतं असतं, त्यानेच ती सालीत अंडी घालते. तसलं टोक मला डब्यात एकही दिसलं नाही. म्हणून पडके आंबे गोळा करून खोल पुरणं चुकत नाही. 2014 साली युरोपने आपला आंबा बंद केला तो याच माशीपायी.

डब्याला पाचपैकी साडेचार, ल्यूरला एक. पुढच्या वर्षी डबे हेच लावीन. ल्यूर मात्र दुकानात जाऊन, लवंगेसारखा वास येतोय ना ते हुंगूनच घेईन.