क्रोनोग्राफ घ्यायचाय: प्रकाशाचा, चुंबकाचा की रडारचा?

हाताने भरलेली काडतुसं किती वेगाने गोळी फेकतात हे अंदाजाने कळत नाही, त्याला क्रोनोग्राफच लागतो. इथवर वाद नाही. घोळ सुरू होतो तो कोणता घ्यायचा इथे. वेग तिन्ही जातींची यंत्रं सांगतात, पण प्रत्येकाची डोकेदुखी निराळी.

प्रकाशाचं यंत्र सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लहरी. गोळीची सावली पहिल्या सेन्सरवर पडली की घड्याळ सुरू, दुसऱ्यावर पडली की बंद. सेन्सरमधलं अंतर फूटभर, म्हणजे साधारण ३०५ मिलिमीटर धरा. घडी घालता येणारं यंत्र पुरतं उघडलं नाही आणि त्यात एक मिलिमीटर कमी पडला, तर सेकंदाला २८०० फूट जाणारी गोळी नऊ फुटांनी जास्त वेगवान दिसते. यंत्र तिरपं बसलं तर उलट, वेग कमी दिसतो. नळीच्या तोंडाजवळ ठेवलं तर स्फोटाचा झोतच गोळी म्हणून मोजला जातो, त्यामुळे दहा-पंधरा फूट पुढे ठेवावं लागतं. तिरपं ऊन, मधेच आलेला ढग, बंदिस्त रेंजवरचे लुकलुकणारे दिवे, सगळ्यांचे रुसवे काढायचे. शिवाय दुर्बिणीतून मार्ग मोकळा दिसतो, पण नळी तिच्या चार-पाच सेंटिमीटर खाली असते. माझ्या पहिल्या यंत्राच्या दांडीवर चाटून गेलेल्या गोळीची खाच त्याचीच साक्ष देते.

चुंबकीय यंत्र पट्ट्याने नळीलाच बांधायचं. ऊन-सावलीशी त्याला देणंघेणं नाही, मांडायला पाच मिनिटं पुरतात आणि आकडे विश्वासाचे. पण नळीवर वजन लटकलं की तिची थरथर बदलते, गोळ्या दुसरीकडे लागतात. म्हणजे वेग एका फैरीत मोजायचा, ग्रुप, म्हणजे गोळ्या किती जवळजवळ लागतात ते, दुसऱ्या फैरीत. काडतुसं दुप्पट. पिस्तुलावर ते बसवणंही कटकटीचं.

रडार बाकावर बंदुकीशेजारी बसतं आणि गोळीचा माग काढतं. २०२३ मध्ये गार्मिनचं तळहातावर मावणारं झीरो सी-१ प्रो आलं, तेव्हापासून पैशाची अडचण नसलेल्याला मी दुसरं काही सुचवत नाही. वेग आणि ग्रुप एकाच फैरीत मिळतात, यंत्र मांडायला कुणाला फायरिंग लाइनच्या पुढे जावं लागत नाही. खिसा मात्र हलका होतो.

पण आधी स्वतःला विचारा, आकडा हवाय कशाला? शंभर मीटरवर वेगात एक टक्का फरक पडला तरी गोळी जेमतेम दीड-दोन मिलिमीटर वर-खाली होते. तेवढ्यावरच नेमबाजी करणाऱ्याने महाग यंत्रामागे लागू नये, प्रकाशाचं पुरे. लांब पल्ल्याला हाच फरक भोवतो. पिस्तूल स्पर्धेतला प्रश्न वेगळा: आयपीएससी या पिस्तूल-स्पर्धांच्या संघटनेच्या मायनर गटाला पॉवर फॅक्टर (गोळीचं ग्रेनमधलं वजन गुणिले सेकंदाला फुटांतला वेग, भागिले हजार) किमान १२५ लागतो. १२४ ग्रेनची गोळी सेकंदाला १०१५ फुटांनी गेली तर १२५.८ भरतो. स्पर्धेच्या यंत्राने एक टक्का कमी दाखवला की १२४.६, आणि तुमचे गुण गेले. घरचं यंत्र कितीही भारी असो, चार-पाच अंकांची फट ठेवूनच जा.

यंत्रापेक्षा जास्त फसवतात त्या मोजक्या गोळ्या. पाच गोळ्यांत वेगाचं एसडी, म्हणजे प्रमाण विचलन (वेग सरासरीभोवती किती विखुरतात त्याचं माप), १० आलं म्हणून लोक खूश होतात. ९५ टक्के खात्रीने बोलायचं तर खरा आकडा ६ ते २९ मध्ये कुठेही असू शकतो. वीस गोळ्या झाडा, मग तो साधारण साडेसात ते पंधरावर येतो. आणि तापलेल्या चेंबरमध्ये काडतूस भरून गप्पा मारत बसू नका, दारू तापली की वेग चढतो.

काडतुसं भरण्याच्या मॅन्युअलमधल्यापेक्षा वेग बराच जास्त दिसला तर हुरळू नका. क्रोनोग्राफ दाब मोजत नाही, पण तो वाढीव वेग बहुधा दाबातूनच आलेला असतो. तिथेच थांबा. कारखान्याच्या ओळखीच्या काडतुसांवर यंत्र पडताळा, आणि ते बरोबर निघालं तर उरलेली काडतुसं न झाडता उघडून दारूची मात्रा खाली आणा.