शॉकअपचं ऑइल सील साफ करायची घरगुती हत्यारं: एक्सरे फिल्म, बाटली की फीलर गेज?

किनारपट्टीवर मोटारसायकलचा पुढचा शॉकअप गळायला लागला की सरळ सील बदलायला टाकतात. पण पुष्कळदा सील शाबूत असतं. हर्णै-गुहागरची बारीक वाळू किंवा जांभ्याची लाल धूळ मिठाच्या ओलाव्याने पाईपला चिकटते, शॉकअप दबला की सीलच्या लिपखाली, म्हणजे पाईपला टेकणाऱ्या रबरी कडेखाली, शिरते, आणि त्या फटीतून तेल वर येतं. तो कण काढला की गळती थांबते.

त्यासाठी सगळ्यांत उत्तम जुनी एक्सरे फिल्म. जाडी साधारण ०.२ मिमी, चिवट, तेलाने मऊ पडत नाही. १२ सेंमी लांब, ३ सेंमी रुंद पट्टी कापा आणि खालचे कोपरे गोल करा. टोकापासून ५-६ मिमी वर एका बाजूने ८ मिमी खोल तिरकी खाच द्या, म्हणजे आकडा तयार होतो. कात्रीने कापलेल्या कडेला धार राहते आणि तीच लिप फाडते, म्हणून ८०० नंबरच्या पॉलिश पेपरवर सगळ्या कडा, खाचेच्या आतूनही, घासा. बोट फिरवलं तर खरखर लागता कामा नये.

दोन लिटरच्या कोल्ड्रिंकच्या बाटलीचा मधला भाग दुसऱ्या नंबरावर. तिचा बाक पाईपभोवती छान बसतो, मात्र बुडाजवळचं जाड प्लॅस्टिक घेऊ नका, त्याने लिप ताणली जाते. पाण्याची पातळ बाटली आतच दुमडते. व्हिजिटिंग कार्ड तेलात भिजून फाटतं आणि तुकडा आत राहतो. फीलर गेजची (बारीक फट मोजायच्या हत्याराची) पाती सहज सरकते हे खरं, पण ती पोलाद आहे. लिप कापते, क्रोमवर रेघ ओढते. ती वापरूच नये.

आधी गाडी धुऊन पूर्ण सुकवा, नाहीतर बाहेरची वाळूच आत ढकलाल. टोकाला टेप गुंडाळलेल्या चपट्या स्क्रू ड्रायव्हरने डस्ट सील (ऑइल सीलच्या वरचं, धूळ अडवणारं रबर) चारी बाजूंनी थोडं थोडं उचकून वर सरकवा. खालचा चिखल कापडाने टिपा. हवा मारू नका, कण खोल जातात. फिल्मला फोर्क ऑइलचा (शॉकअपमधल्या तेलाचा) थेंब लावून पाईप आणि सीलच्या मध्ये एक ते दीड सेंमी घाला. लिप ओलांडल्याचं हाताला कळतं. खाचेचं तोंड पुढे ठेवून पूर्ण फेरा मारा, बाहेर ओढा, पुसा. फिल्म स्वच्छ निघेपर्यंत हेच करत राहा. मग पुढचा ब्रेक धरून शॉकअप दहा वेळा दाबा आणि वर आलेलं तेल पुसा. पेट्रोल-डिझेल सीलजवळ नेऊ नका, रबर फुगतं. डस्ट सीलच्या आत सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात देऊन ते परत बसवा. तेल डिस्कवर किंवा पॅडवर ओघळलेलं नाही ना, हे पाहिल्याशिवाय गाडी काढू नका.

केटीएम ड्यूकसारख्या उलट्या फोर्कला, म्हणजे क्रोमचा पाईप खाली असलेल्या शॉकअपला, सगळं खालून वर: डस्ट सील खाली सरकवायचं, फिल्म वर घालायची. पाईपवर रबरी बूट (घड्यांचं आवरण) असलेल्या गाड्यांत वाळू कमी शिरते, पण पावसाळ्यात आत खारं पाणी साठून पाईप गंजतो. गणपतीनंतर एकदा बूट वर करून आतून पुसाच.

गंजाचा खड्डा मात्र फिल्मने सुटत नाही. पाईपवरून नख उभं फिरवा. सील जिथे वर-खाली होतं त्या पट्ट्यात नख अडकलं, तर नवं सीलही लवकरच फाटणार. नुसती वर आलेली कड असेल तर २००० नंबरच्या ओल्या पेपरने हलकेच मारता येते. खोल खड्ड्याला पाईप बदलणं किंवा पुन्हा क्रोम करणं हाच उपाय.

साफ केल्यावर पाईपवर तेलाचा पुसट ओलावा चालतो. शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा तेलाची जाड कडी दिसली, तर दोन्ही बाजूंची सीलं एकदम बदला आणि तेल कंपनीने दिलेल्या मापाने दोन्हीकडे सारखं भरा.